अ‍ॅव्हरेज चांगलं देणारी गाडी खरंच कमी डिझेल खाते का?

हिशेबनीस

मालवाहतुकीच्या ऑफिसात डिझेलचा हिशेब ठेवणं हे माझं काम. गेल्या महिन्याचा तक्ता करताना डोकं चक्रावलं म्हणून हा धागा.

दोन ट्रक. एकाच मॉडेलचे, एकाच वर्षी घेतलेले, दोघांची क्षमता २५ टन माल. महिन्यात दोघेही ८,००० किलोमीटर धावले. पहिल्याने लिटरला ४.२ किलोमीटर दिले, दुसऱ्याने ३.६. मालकांनी पहिल्याच्या ड्रायव्हरची पाठ थोपटली, दुसऱ्याला केबिनमध्ये बोलावून ऐकवलं.

मी सहज शेजारी आणखी एक रकाना केला: किती टन माल किती किलोमीटर नेला. पहिला ट्रक दर खेपेला रिकामा परततो. म्हणजे ४,००० किलोमीटर भरलेला, ४,००० रिकामा. त्याचे झाले १ लाख टन-किलोमीटर, डिझेल १,९०५ लिटर. दुसऱ्याला परतीचा माल मिळतो, तो जेमतेम ८०० किलोमीटर रिकामा धावला. त्याचे १ लाख ८० हजार टन-किलोमीटर, डिझेल २,२२२ लिटर.

आता भागाकार करा. पहिला एका लिटरमध्ये ५२ टन-किलोमीटर काम करतो, दुसरा ८१. ज्याला बोलणी बसली तो तेवढ्याच कामाला एक तृतीयांशाहून जास्त डिझेल वाचवतोय!

रिकामी गाडी हलकी, म्हणून अ‍ॅव्हरेज वर. एवढं साधं आहे. मग अख्खा धंदा अ‍ॅव्हरेजच्या मागे का? माझं काही चुकत असेल तर सांगा.

मुंगी

पहिली मी. वाचतेय.

न्यूटनमीटर

चुकत काहीच नाही, उलट हे आकडे मुळापासून काढता येतात. ज्यांना गणिताची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं.

४० टनांचा भरलेला ट्रक (२५ टन माल, बाकी गाडीचं वजन), सपाट रस्ता, ताशी ८०. इंजिनाला दोन शत्रू. एक टायरचा रोध: वजनाच्या साधारण ०.६ टक्के, म्हणजे २,३५० न्यूटनच्या आसपास. दुसरा हवेचा: समोरचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर आणि आकाराचा गुणांक ०.६ धरला तर सुमारे १,८०० न्यूटन. बेरीज ४,१००च्या वर. एक किलोमीटर ढकलायला चाकांपाशी १.१५ युनिट ऊर्जा लागते. (घरच्या विजेच्या बिलात असतं तेच युनिट.)

एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. त्यातली चाकांपर्यंत पोचते ४०च टक्के, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत. म्हणजे किलोमीटरला ०.२९ लिटर, लिटरला साडेतीन किलोमीटर. तुमच्या भरलेल्या गाडीचा आकडा इथूनच येतो.

आता गंमत. हाच खर्च २५ टनांत वाटला तर टन-किलोमीटरला पडतात ०.११ युनिट. याउलट अर्धा टन माल घेऊन फिरणारी, लिटरला १० किलोमीटर देणारी छोटी व्हॅन घ्या. तिला टन-किलोमीटरला पडतात २ युनिट, सतरा-अठरा पट! लोक मोठ्या ट्रककडे बोट दाखवून “केवढं डिझेल पितो” म्हणतात. कामाच्या मानाने तोच सगळ्यात मिताहारी.

टॉपगियर

बावीस वर्षं स्टिअरिंगवर आहे. गणित कळत नाही, पण हिशेबनीस साहेबांचा दुसरा ड्रायव्हर मीच असेन असं वाटलं. कुठल्याही ऑफिसात हेच. भरलेली गाडी घाटातून आणायची, वर “तुझं अ‍ॅव्हरेज का पडलं?” हे ऐकायचं.

वीजवेडा

सगळी चर्चा डिझेलभोवती का? ४० टक्के वापरून ६० टक्के हवा तापवणारं यंत्र विसाव्या शतकात शोभत होतं. इलेक्ट्रिक ट्रकमध्ये बॅटरीतून चाकांपर्यंत ८५-९० टक्के पोचतात. १.१५ युनिटला बॅटरीतून १.३ घ्यायचे की झालं. प्रश्न मिटला.

पानापक्कड

मिटला कसला. वीजवेडा भाऊ, वजनाचं बोला. ५०० किलोमीटरला तुमच्याच हिशेबाने ६५० युनिटची बॅटरी. आवरणासकट बॅटरी किलोमागे १६० वॉट-तास साठवते असं धरलं (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट) तरी वजन चार टन. तेवढ्याच अंतराला डिझेल लागतं १४५ लिटर, त्याचं वजन १२० किलो. एकीकडे चार टन, दुसरीकडे दोन माणसं उचलतील एवढं. जास्तीचं वजन मालातून कापलं जाणार आणि हिशेबनीसांचा टन-किलोमीटरचा रकाना बोंबलणार.

वीजवेडा

अर्धंच सांगितलंत. इंजिन, गिअरबॉक्स, डिझेलच्या टाक्या, सायलेन्सरचा सगळा पसारा काढला की दीडेक टन परत मिळतात. युरोपात शून्य-उत्सर्जन ट्रकना २ टनांपर्यंत जादा वजनाची मुभा कायद्यानेच दिली आहे, अमेरिकेतही २,००० पौंडांची आहे. उरतं काय?

शिवाय दर गाडी वजनाने भरते हे कोणी सांगितलं? थर्माकोल, गाद्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या. डबा छतापर्यंत गच्च आणि काट्यावर दहा टनसुद्धा नाही. असल्या मालाला चार टनांची बॅटरी काही त्रास देत नाही.

न्यूटनमीटर

हा मुद्दा बिनतोड आहे. सिमेंट, पोलाद, खनिज नेणाऱ्यांनी एक उत्तर द्यावं, पार्सलवाल्यांनी दुसरं. “ट्रकचं भविष्य काय” हा प्रश्नच चुकीचा, कुठला ट्रक ते आधी सांगा. शहर बसेसचं बघा: रोजचा ठरलेला मार्ग, रात्री डेपोत मुक्काम, पदोपदी ब्रेक (त्यातून मोटर थोडी वीज परत मिळवते). त्यामुळे चीनमधल्या शेंचेन शहराला २०१७ अखेर आपल्या १६ हजारांवर बसेस इलेक्ट्रिक करता आल्या. लांब पल्ल्याच्या ट्रकला यातलं एकही सुख नाही.

चार्जिंगचंही तसंच. युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची. तेवढ्या वेळात साधारण ३६० किलोमीटर होतात, म्हणजे ४७० युनिट भरायचे. पाऊण तासात ते भरायचे तर ६२५ किलोवॉट लागतात, आणि हे एका ट्रकला. ट्रकसाठी जे मेगावॉट चार्जिंगचं मानक केलंय त्याची कमाल मर्यादा ३.७५ मेगावॉट आहे, तेव्हा प्लग अपुरा पडणार नाही. पण ढाब्यावर रांगेत पंधरा ट्रक लागले की तिथपर्यंत तार कोण ओढणार?

टॉपगियर

घाटाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

भरलेली गाडी घेऊन उतरताना नवीन पोरं काय करतात, तर न्यूट्रल मारतात. त्यांना वाटतं डिझेल वाचलं. पहिली दोन वळणं मजा येते. मग गाडी अंगावर येते. ब्रेक दाबत राहायचं, दाबत राहायचं. चौथ्या वळणाला खिडकीतून वास येतो, जळक्या लायनिंगचा, एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. मग पेडल मऊ लागायला लागतं. पाय खाली जातो आणि गाडी ऐकत नाही. त्या क्षणी डिझेल-बिझेल काही आठवत नाही.

मी एकदा तिथवर पोचलोय. चढाच्या बाजूला माती होती, तिच्यात घातली म्हणून आज लिहितोय.

तेव्हापासून नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक चालू, पाय ब्रेकवर अधूनमधूनच. गाडी घुरघुरत उतरते, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

पानापक्कड

टॉपगियर दादा, दंडवत. पोरांना हे छापून वाटलं पाहिजे. यात एक गोष्ट जोडतो: गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजकालच्या इंजिनात इंजेक्टर डिझेल देणंच बंद करतात. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहायला डिझेल पितं. म्हणजे न्यूट्रलवाला जीवही धोक्यात घालतो आणि डिझेलही जास्त जाळतो.

न्यूटनमीटर

टॉपगियरांच्या घाटाचा हिशेब करावासा वाटला. धरा ६०० मीटर उंची, १२ किलोमीटर उतार, ताशी ४०. चाळीस टन ६०० मीटर वर चढवायला ६५ युनिट, म्हणजे टाकीतलं सोळा लिटर डिझेल. उतरताना त्यातले नऊ-दहा युनिट टायर आणि हवा खातात. उरलेले ५६ युनिट अठरा मिनिटांत कुठेतरी जायलाच हवेत, म्हणजे सतत सुमारे १८५ किलोवॉटची भट्टी. ब्रेक लायनिंगवर ही भट्टी पेटवली की तो वास येतो.

इलेक्ट्रिक ट्रकमध्ये मोटरच जनरेटर होते. बॅटरीत जागा असेल तर ५६ पैकी चाळीसेक युनिट परत मिळतात. पायथ्यापासून पुढचे तीस किलोमीटर त्यावर होतात. खाणीतून भरून खाली येणाऱ्या आणि रिकाम्या वर जाणाऱ्या गाड्यांना तर हे वरदानच.

वीजवेडा

आता कसं! “मिटला” हा शब्द मागे घेतो, पण घाट आम्हीच जिंकला.

रूळकरी

सगळे ट्रकवालेच जमलेत म्हणून आठवण करून देतो. रुळावर पोलादाचं चाक धावतं, त्याचा रोध ट्रकच्या टायरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. वर डोक्यावर तार, म्हणजे बॅटरीचं ओझंच नाही. लांबचा, जड माल रेल्वेने न्या.

हिशेबनीस

रूळकरी, तत्त्वतः मान्य. पण गोदाम ते स्टेशन, स्टेशन ते गोदाम हे दोन टप्पे ट्रकचेच, आणि दर टप्प्याला चढवणं-उतरवणं. तीनशे किलोमीटरच्या मालाला कोण ते करणार? तार म्हणाल तर रस्त्यावरही ओढून पाहिली आहे. स्वीडनने २०१६मध्ये ई-१६ महामार्गाच्या एका तुकड्यावर ट्रकना ट्रॉलीबससारखी वीज पुरवली, नंतर जर्मनीनेही चाचण्या घेतल्या. चाललं छान. पण सगळीकडे तार होईपर्यंत ट्रक कोणी घेईना, आणि ट्रक असल्याशिवाय तार कोण घालणार.

चिकित्सक_चिंगी

हायड्रोजनचं नाव अजून निघालं नाही, आश्चर्य आहे. जाहिरातींत तर तोच तारणहार.

न्यूटनमीटर

ताई, थोडक्यात सांगतो. १०० युनिट विजेपासून पाणी फोडून हायड्रोजन केला की ६५-७० उरतात, तो दाबून टाकीत भरेपर्यंत आणखी काही जातात, हायड्रोजनची परत वीज करणाऱ्या फ्युएल सेलमध्ये पुन्हा जवळजवळ अर्धे. चाकांवर तीसेक युनिट. तीच वीज बॅटरीत भरली तर सत्तर-पंचाहत्तर. टाकी लवकर भरते आणि हलकी पडते हे खरं, पण तेवढ्याच मालाला दुप्पट-अडीचपट वीज निर्माण करावी लागेल.

पानापक्कड

आता माझ्या गॅरेजमधली एक तक्रार. सगळे इंजिनाची कार्यक्षमता बोलतात. १८९७मध्ये रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाने चाचणीत २६ टक्के दिले, तेव्हाची वाफेची यंत्रं याच्या जवळपासही नव्हती. आज चांगली मोठी इंजिनं ४३ ते ४६ टक्क्यांवर आहेत, आणि चीनच्या वेइचाय कंपनीने २०२०मध्ये ५० टक्के ओलांडल्याचं जाहीर केलं.

पण इंजिन जितकं गरम आणि दाबाचं, तितके नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त. ते कमी करायला धूर परत सिलिंडरमध्ये फिरवा, की कार्यक्षमता घसरते. म्हणून दुसरी युक्ती: इंजिनाला हवं तसं गरम जळू द्या आणि सायलेन्सरमध्ये युरियाच्या द्रावणाने धूर स्वच्छ करा. त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. त्याची छोटी निळ्या झाकणाची टाकी.

ती टाकी काहींना डोळ्यांत खुपते. गेल्या महिन्यात एक गाडी आली, युरियाचा खर्च वाचवायला त्यात नळाचं पाणी भरलेलं. नोझल खोललं तर पांढरी खपली, चुनखडी जमते तशी. सेन्सर गेला, पंप गेला, गाडीची ताकद संगणकाने कमी केली म्हणून वर इंजिनालाच शिव्या. वाचवलेल्या युरियाच्या कैक पट खर्च झाला. ज्याने हा सल्ला दिला होता तो “स्पेशालिस्ट” फोन उचलत नाही.

मुंगी

एक बावळट प्रश्न. कारना इतकी वर्षं इंधनाचे नियम आहेत, मग ट्रकना इतक्या उशिरा का आले? रस्त्यावर ट्रक-बस कमी, पण रस्ते वाहतुकीतल्या कार्बनचा एक तृतीयांश वाटा त्यांचा, असं कुठेसं वाचलं.

न्यूटनमीटर

बावळट नाही, खरा कळीचा प्रश्न आहे. कार कारखान्यातून पुरी बाहेर पडते. ट्रकची चेसिस एकाची, बॉडी दुसऱ्याने बांधलेली, ट्रेलर तिसऱ्याचा, डिझेलचं बिल चौथ्याचं. मोजायचं काय? त्याच चेसिसवर टँकर चढतो आणि कचरागाडीही. म्हणून सरसकट रोलरवर चढवून चाचणी घेण्याऐवजी टायर, हवा, इंजिन यांचे आकडे संगणकात घालून हिशेब करतात, युरोपात त्या प्रणालीचं नाव व्हेक्टो. जपानने सगळ्यात आधी, २००६मध्ये, मोठ्या वाहनांचे इंधन-निकष ठरवले, अमेरिकेने २०११मध्ये, युरोपने २०१९मध्ये. युरोपचं २०२४मध्ये सुधारलेलं लक्ष्य आता नव्या मोठ्या वाहनांच्या कार्बनमध्ये २०४०पर्यंत ९० टक्के घट असं आहे.

या वाटणीचा तोटा बघा. ट्रेलरच्या बाजूंना पट्ट्या आणि मागे निमुळतं शेपूट लावलं की डिझेल वाचतं, हे माहीत असूनही ट्रेलरवाला लावत नाही, कारण वाचणारं डिझेल त्याचं नसतं.

अवांतर: हवेची गोष्ट निघालीच आहे तर. १९७३मध्ये नासाच्या उड्डाण-संशोधन केंद्रातला एडविन साल्ट्झमन नावाचा इंजिनिअर सायकलने कामावर जायचा. शेजारून ट्रक गेला की आधी ढकलल्यासारखं व्हायचं, मग ओढल्यासारखं. विमानांची हवा मोजणारा माणूस, त्याला ते स्वस्थ बसू देईना. त्यांनी एका व्हॅनला अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून चक्क बुटाच्या खोक्याचा आकार दिला आणि मग एकेक कड गोल करत गेले. नुसते उभे कोपरे गोल केल्यावर हवेचा रोध ४० टक्क्यांनी उतरला. आतली जागा गेली जेमतेम १.३ टक्के.

टॉपगियर

ते ढकलणं-ओढणं कळायला नासा कशाला, कुठल्याही क्लीनरला विचारा.

टायरचं मात्र मी सांगतो. सकाळी निघताना आम्ही रॉडने टायर ठोकून बघतो. टण्ण वाजला तर ठीक, भद्द वाजला तर हवा गेली. पण हवा थोडीच कमी असेल तर आवाजात फरक पडत नाही, आणि जोडीतला आतला टायर तर ऐकूच येत नाही. तो मऊ राहतो, गरम होतो, एक दिवस फुटतो. गेज लावायला दहा मिनिटं लागतात. आमच्याकडे गेज आहे, ते ऑफिसच्या कपाटात असतं.

चिकित्सक_चिंगी

मी जरा काडी टाकते. समजा तुम्ही सगळं केलंत. इंजिन सुधारलं, परतीचा माल मिळाला, टनामागे डिझेल निम्मं झालं. मग वाहतूक स्वस्त होणार आणि लोक आणखी लांबून आणखी माल मागवणार. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने १८६५मध्ये कोळशाबाबत हेच दाखवून दिलं होतं: यंत्रं सुधारली आणि कोळसा जास्त जळू लागला. त्यात आता “एका तासात घरपोच”. न्यूटनमीटरांची ती अर्धा टनाची व्हॅन आठवा, सगळी वाढ तिकडेच आहे.

न्यूटनमीटर

ताईंना उत्तर नाही माझ्याकडे. रकाना आमचा लिटरमागे टनांचा, त्या विचारताहेत एकूण लिटर. दोन्ही वेगळे.

वीजवेडा

पण म्हणून सुधारायचंच नाही का? काम तेच ठेवून बघा. हिशेबनीसांच्या दोन ट्रकमधला फरक ३५ टक्के. तेवढी बचत इंजिनातून काढायची तर ४३ टक्क्यांचं इंजिन ६६ टक्क्यांचं करावं लागेल. ते डिझेलच्या बापाला जमलं नाही. नुसत्या परतीच्या मालाने ते होतंय. (मी डिझेलची बाजू घेतोय, नोंद घ्यावी.)

हिशेबनीस

सगळ्यांचे आभार. परतीचा माल का मिळत नाही ते सांगतो, कारण इथेच घोडं अडतं. दूध, तेल, अ‍ॅसिडचे टँकर परत येताना दुसरं काही भरू शकत नाहीत. कारखान्याच्या गावाहून माल निघतो, तिथे जात नाही. युरोपातसुद्धा पाचातला एक किलोमीटर रिकामा धावतो, त्यामुळे हा शिस्तीचाच प्रश्न आहे असं म्हणता येणार नाही.

आणि गेटवरचं थांबणं. ताशी ८० ऐवजी ९०ने आलं तर न्यूटनमीटरांच्या सूत्राने ११ टक्के डिझेल जास्त. चारशे किलोमीटरला तेरा लिटर जास्त जाळून ड्रायव्हर अर्धा तास आधी पोचतो आणि गेटबाहेर चार तास रांगेत उभा राहतो, इंजिन चालू ठेवून, कारण केबिनमध्ये बसवत नाही.

मुंगी

त्या दोन ट्रकचं पुढे काय झालं?

हिशेबनीस

तक्ता मालकांना दाखवला. त्यांनी नीट वाचला, “हे बरं आहे” म्हणाले, आणि पहिल्या ट्रकला परतीचा माल मिळेपर्यंत सहा तास थांबायची परवानगी दिली. दोन खेपांना माल मिळालासुद्धा.

साहजिकच त्याचं अ‍ॅव्हरेज ४.२वरून ३.८वर आलं. काल त्या ड्रायव्हरला आमच्याच ऑफिसातून अ‍ॅव्हरेज घसरल्याचा मेमो गेला. संगणक आपोआप काढतो.

टॉपगियर

त्याला म्हणावं मेमो फ्रेम करून केबिनमध्ये लाव.